वाढते शहर आणि फिरता कॅमेरा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त अहमदाबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कार्यवाहांनी निमंत्रणाच्या पत्रात ‘व्यवसायातील रंजक अनुभव सांगावेत’ असे लिहिले होते. वास्तूंची छायाचित्रे काढणाऱ्या माणसाचे अनुभव फारसे रंजक नसतात. इमारती हसत नाहीत, रुसत नाहीत, ऐन वेळी येता येत नसल्याची तारही करीत नाहीत. त्यांच्यासमोर तिपाई रोवून उन्हाची वाट पाहत बसणे हेच आमचे मुख्य काम. आणि वाट पाहण्याच्या गोष्टी सांगून श्रोत्यांनाही तिष्ठत ठेवावे हे काही बरे नव्हे. म्हणून या कामामुळे मनात घर करून राहिलेल्या एका प्रश्नाविषयी बोलावे असे मी ठरविले आहे. झपाट्याने वाढणाऱ्या शहरात एखाद्या वास्तूचे छायाचित्र नेमके कशाचे असते आणि ते कोणी काढावयास हवे, हा तो प्रश्न. उदाहरण अर्थातच आपल्या अहमदाबादचे घेणार आहे. ‘आपल्या’ म्हटले खरे, पण शहर तुमचे आहे. मी येथे पाहुणा.

हे पाहुणेपण माझ्या व्यवसायाचा भागच आहे. एखादा वास्तुशिल्पी किंवा बांधकाम करणारी एखादी कंपनी बोलावणे धाडते. रात्रीच्या गाडीने निघायचे, सकाळी काळुपूर स्थानकावर उतरायचे, दोन किंवा तीन दिवसांत ठरलेली छायाचित्रे घ्यायची आणि परतीची गाडी गाठायची. पुढच्या आठवड्यात हैदराबाद, त्यानंतर बंगळूर. शहरे बदलतात, मागणी मात्र सगळीकडे सारखीच असते. इमारत एकटी दिसावी, नवी दिसावी, धुतल्यासारखी दिसावी. समोर वाहन नको, वरून जाणारी तार नको, शेजाऱ्याची पाण्याची टाकी नको आणि शक्यतो माणूसही नको. लग्नाच्या बाजारात मुलीचा फोटो जसा पूर्वी पाठवीत, तसाच हा प्रकार. खोटे काही नसते, पण जे दिसते तेवढेच घर असते असे समजून चालणाराची पुढे फसगत होते.

तरीही या पाहुणेपणाचा एक लाभ आहे, आणि तो म्हणजे ऊन पाहण्याची सवय. स्थायिक माणूस ऊन टाळतो, आम्ही त्याच्या मागे धावतो. तुमच्या शहराचे ऊन मोठे विलक्षण आहे. कर्कवृत्त येथून थोडेसेच उत्तरेला आहे. त्यामुळे २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ नेमका माथ्यावर येतो. छज्ज्याची सावली सरळ खाली उतरते, भिंतीचा सगळा उठाव नाहीसा होतो आणि इमारत डोळ्यांवर टोपी ओढून निजल्यासारखी दिसते. डिसेंबरात हाच सूर्य दुपारीदेखील क्षितिजापासून जेमतेम त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश चढतो आणि दक्षिणेची भिंत दिवसभर उजळते. उत्तरेकडे तोंड केलेल्या वास्तूला मात्र मार्च ते सप्टेंबर या सहा महिन्यांतच, आणि तेही सकाळ-संध्याकाळ, तिरपे ऊन मिळते. उत्तरमुखी कचेरीचे छायाचित्र डिसेंबरात मागणाऱ्या गृहस्थांना हे समजावून सांगताना माझा एक संपूर्ण सकाळचा चहा झालेला आहे. ते म्हणाले, “पण उजेड तर आहे!” उजेड असतो, ऊन नसते. आमच्या धंद्याचा सगळा पसारा या फरकावर उभा आहे.

होळी सरली की येथील आकाश धुळीने पांढरे पडते ते पावसाळ्यापर्यंत. पहिला चांगला पाऊस पडून गेला की ते एकदम निळे होते, आणि ओली वीट अशी काही रंगते की पाहत राहावे. पण त्याच पावसात भिंतींवर ओलीचे डागही उमटतात. म्हणून गिऱ्हाइकाला पावसाळा नको असतो. त्याला डिसेंबर हवा असतो. इमारतींच्या सुंदर छायाचित्रांत पाऊस इतका विरळा का असतो, याचे कारण एवढेच आहे.

आता आश्रम रोडवरील गिरणीमालक संघाच्या वास्तूपाशी येऊ. ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पीने उभारलेली ही इमारत १९५४ साली पुरी झाली. पश्चिमेला रस्ता, पूर्वेला साबरमती. उत्तर-दक्षिणेच्या भिंती जवळजवळ कोऱ्या, आणि पूर्व-पश्चिमेला काँक्रीटच्या उभ्या फळ्यांचे पडदे. रस्त्याकडच्या फळ्या तिरक्या बसविलेल्या आहेत. दुपारनंतरचे ऊन आणि रस्त्यावरची नजर अडावी, वारा मात्र आत यावा, अशी त्यांची योजना आहे. नदीकडच्या फळ्या सरळ आहेत, त्यांतून समोरचे दृश्य मोकळे दिसते. या काँक्रीटवर साच्याच्या लाकडी फळ्यांचे ठसे जसेच्या तसे ठेवलेले आहेत. ऊन बाजूने घासून गेले तरच ते दिसतात, समोरून पडले तर भिंत सपाट. म्हणून पश्चिमेची बाजू दुपार कलल्यावर आणि नदीची बाजू सूर्य थोडा वर आल्यावर, एवढ्या दोन वेळा साधल्या की झाले. येथवर माझ्यासारख्याचे ज्ञान पुरते.

परंतु त्या नदीकडच्या बाजूला काय दिसावे अशी कल्पना होती? वास्तुशिल्पीने स्वतः लिहून ठेवले आहे की, या इमारतीतून वाळूच्या पात्रात कापड धुणारे आणि वाळविणारे रंगारी दिसतील, सोबतीला बगळे असतील, अर्ध्या पाण्यात बसलेल्या म्हशी आणि गाढवे असतील. म्हणजे ज्या कापडाच्या जोरावर हे शहर मोठे झाले, त्याच्या मालकांनी आपल्या सभागृहातून ते कापड नदीत धुतले जाताना पाहावे, असा तो बेत होता. आज आपण तेथे उभे राहिलात तर खाली काँक्रीटचा सरळ काठ आणि त्यापलीकडे नर्मदेच्या कालव्याने भरलेले स्थिर पाणी दिसते. २०१२ साली नदीकाठचा हा विहारपथ लोकांना खुला झाला, २०२२ साली पादचाऱ्यांसाठी अटल पूल झाला. संध्याकाळी तेथे मुलाबाळांसह हिंडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, त्यांत आपल्यापैकीही काही असतील. या सुधारणेला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. मात्र काठावरच्या हजारो कुटुंबांना त्यासाठी दूर वसविण्यात आले, एलिस पुलाखाली भरणारा रविवारचा गुजरी बाजार नव्या आखीव जागेत गेला, रंगारी आणि धोबी नाहीसे झाले. ती इमारत मात्र होती तेथेच, नाहीशा झालेल्या दृश्याकडे तोंड करून उभी आहे.

मी गेल्या खेपेस घेतलेली तिची छायाचित्रे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहेत. पण त्या सरळ फळ्या सरळ का, हे त्यांवरून कोणालाही कळणार नाही. त्यासाठी १९६० किंवा १९७० साली कोणीतरी नदीच्या पात्रात उभे राहून, धुण्याच्या दोऱ्यांसकट आणि गाढवांसकट घेतलेले एखादे साधे छायाचित्र हवे. तेही बहुधा पाहुण्याने काढलेले नसणार. मुलाला नदीवर फिरायला नेलेल्या एखाद्या बापाने काढलेले असणार.

वास्तूंच्या छायाचित्रांचे महत्त्व ऐन वेळी कसे कळून येते याचे उदाहरण आपल्याच शहरात घडले आहे. भारतीय प्रबंध संस्थेची लुई कान यांनी रचलेली विटांची वास्तू आपण सर्वांनी पाहिली असेल. बाळकृष्ण दोशींच्या पुढाकाराने कान १९६२ साली येथे आले आणि पुढे बारा वर्षे येत राहिले. १९७४च्या मार्चमध्ये येथून परत जात असताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर त्यांना मृत्यू आला. विटांच्या त्या प्रचंड कमानी, त्यांना खालून बांधून ठेवणारी काँक्रीटची तुळई, वर्तुळाकार झरोके, हे सारे जगभरच्या पुस्तकांत छापले गेले आहे. २०२० सालच्या डिसेंबरात संस्थेने येथील १८ वसतिगृहांपैकी १४ पाडून नवी बांधण्याचा मनोदय जाहीर केला. देशोदेशींच्या वास्तुशिल्पींनी निषेध केला, आणि १ जानेवारी २०२१ रोजी तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. त्यानंतर २०२२च्या नोव्हेंबरात पुन्हा तोच विषय निघाला. या इमारती टिकवून ठेवणे शक्य नाही, असे संस्थेचे म्हणणे पडले.

या वादात कोण बरोबर हे सांगण्याचा अधिकार मला नाही. विटा झिजल्या आहेत, ओल शिरली आहे, २६ जानेवारी २००१च्या भूकंपाने तडे गेले आहेत, हे संस्थेचे म्हणणे पोकळ नव्हते. मुलांना राहायचे असते, पुस्तकातल्या चित्रात त्यांना झोपता येत नाही. त्याच आवारातील विक्रम साराभाई ग्रंथालयाची डागडुजी मात्र इतकी उत्तम झाली की २०१९ साली तिला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा दुरुस्ती अशक्य होती असेही म्हणवत नाही. मला या वादात एक व्यावसायिक गोष्ट खटकली. एका बाजूला कमानींची भव्य, डिसेंबरी छायाचित्रे. दुसऱ्या बाजूला झडलेल्या विटांची आणि उघड्या पडलेल्या लोखंडाची वर्णने. दोन्ही खरी. पण एकच भिंत १९८० साली कशी होती, १९९५ साली कशी होती, भूकंपापूर्वी कशी आणि नंतर कशी, असे एकाच जागेवरून घेतलेल्या छायाचित्रांचे ओळीने मांडलेले पुडके कोणी समोर ठेवले असते, तर भिंत किती वेगाने खचली आणि कोणत्या वर्षी हात घातला असता तर वाचली असती, हे सामान्य माणसालाही दिसले असते. आमच्यासारखे शेकडो छायाचित्रकार तेथे येऊन गेले. प्रत्येकाने सर्वोत्तम कोन शोधला आणि तो गेला. एकाच कोनात पुन्हा उभा राहायला कोण येणार? त्याचे पैसे कोण देणार?

दिल्लीला तर तेवढीही संधी उरली नाही. प्रगती मैदानावरचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे राज रेवाल आणि महेंद्र राज यांनी १९७२ साली उभे केलेले विशाल सभागृह एप्रिल २०१७मध्ये पाडण्यात आले. त्याची आता छायाचित्रेच शिल्लक आहेत.

हे झाले मोठ्या वास्तूंचे. पोळांची गोष्ट निराळी आहे. जुन्या शहराला २०१७ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. भारतात असा मान मिळालेले हे पहिले शहर. तेव्हापासून पोळांची छायाचित्रे मागणारेही वाढले. पण पोळ ही गोष्ट छायाचित्रकाराची परीक्षा पाहणारी आहे. गल्ली इतकी अरुंद की घराचे पूर्ण दर्शनी अंग घ्यायला मागे सरकायलाच जागा नाही. रुंद कोनाची लेन्स लावली की नक्षीदार खांब झुकलेले दिसतात. खरा उपाय एकच. समोरच्या घराचे दार वाजवायचे, कशासाठी आलो ते सांगायचे आणि त्यांच्या माळ्यावर जायचे. “आवो, बेसो” म्हणून पाणी पुढे करणारी एखादी आजी भेटली की अर्धे काम झाले. मग कॅमेरा बाजूलाच राहतो. चौकाखालचे पावसाच्या पाण्याचे टाके, ओट्याची उंची, पक्ष्यांसाठी उभारलेला चबुतरा, यांची माहिती ऐकता ऐकता ऊन निघून जाते. मी ते जाऊ देतो.

पोळ वरून पाहायची असेल तर उत्तरायणाचा दिवस गाठावा. १४ जानेवारीला सगळे शहर धाब्यांवर चढलेले असते. हिवाळ्याचे तिरपे ऊन कौलांवरून घसरत असते, आणि कोणत्या घराला कोणते घर टेकून उभे आहे ते त्या दिवशी स्पष्ट दिसते. शिवाय त्या दिवशी कोणालाही छायाचित्रातून बाहेर काढता येत नाही. माणसे आहेत म्हणूनच ते धाबे आहे. आमच्या पाठ्यपुस्तकातला ‘माणूस नको’ हा नियम मी तेथेच प्रथम सोडला.

या जुन्या शहरात तुमच्या-माझ्या भाषेचेही काही पुरावे आहेत. आपण मराठी माणसे परप्रांतात राहतो म्हणजे कालपरवा आलो असे समजून चालतो. १७५८ ते १८१७ या काळात या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा वाटणीचा अंमल होता. नदीच्या बाजूला रायखडमध्ये गायकवाडांची हवेली आहे. तीन दरवाजा तर रोज हजारो लोक ओलांडतात. पंधराव्या शतकातील सुलतान अहमदशहाच्या त्या दरवाजावर १८१२ साली मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने देवनागरीत एक हुकूम कोरविला आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला तिचा हिस्सा बिनतक्रार मिळावा, आणि हे न मानणाऱ्या हिंदूने महादेवाला व मुसलमानाने अल्लाला जाब द्यावा, असा त्याचा आशय आहे. स्वराज्यातल्या संसदेला हा प्रश्न सोडवायला किती वर्षे लागली ते येथील वकीलमंडळी मला सांगतील. मला सांगायचे आहे ते इतकेच की, दगडातली जुनी अक्षरे भर उन्हात वाचता येत नाहीत. ऊन दगडाला चाटून गेले की क्षणभर अक्षराच्या कडेला सावली धरते आणि ओळ वर येते. ती घटका कधी येते हे बाजारातल्या पदपथावर बसणाऱ्या माणसाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

आणखी एक सांगतो. आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे, जन्म १९१६चा, हार्वर्डमध्ये वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून आले आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्यांनी येथे ‘अटिरा’ या वस्त्रसंशोधन संस्थेची इमारत बांधली. कॉर्ब्युझिएच्या इमारती पाहण्यासाठी परदेशातून विद्यार्थी येतात. ते अटिरावरून पुढे जातात. साध्या, सरळ, मिरविण्याचा सोस नसलेल्या वास्तूचे छायाचित्र काढणे अवघड असते आणि ते कोणी मागतही नाही. बाळकृष्ण दोशी गुजराती खरे, पण जन्म पुण्याचा, १९२७चा. येथील स्थापत्यविद्यालय त्यांनी १९६२ साली सुरू केले, २०१८ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळविले आणि २०२३च्या जानेवारीत ते येथेच निवर्तले. पुण्याहून येऊन अहमदाबादचे झालेले ते एकटेच नव्हते, हे या सभागृहात नजर टाकली तरी कळते.

आता शहराच्या पश्चिमेकडे वळू, कारण माझे बहुतेक काम आज तेथेच असते. १९५१ साली आठ लाखांच्या आसपास वस्ती असलेले हे शहर २०११च्या शिरगणतीत महापालिकेच्या हद्दीतच ५५ लाखांवर गेले होते. रिंग रोडच्या बाजूला दर खेपेस नवे मनोरे दिसतात. मी ज्या शेताकडेला चहा पितो तेथे पुढच्या वर्षी वाहनतळ असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका नव्या संकुलाचे काम माझ्याकडे होते. कोणाचे, ते सांगण्याचे कारण नाही. इमारत देखणी होती. तिच्या कुंपणाला लागून, ती बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोपटांची रांग होती. दाहोदकडची आदिवासी कुटुंबे. बायका पंपापाशी भांडी घाशीत होत्या, दोरीवर लुगडी वाळत होती. मालकांचे व्यवस्थापक म्हणाले, “आता तुमच्या संगणकात पुसून टाकता येतात ना?”

येतात. आज तारा पुसता येतात, झाडे लावता येतात, आकाश पाहिजे त्या निळ्या रंगाचे करता येते. पूर्वी काचेच्या निगेटिव्हवर ब्रशाने दिवसभर बसून जे होई ते आता घटकाभरात होते. पण मी जागा बदलली. पलीकडच्या अंगाने, खोपटी चौकटीत येणार नाहीत असे छायाचित्र त्यांना दिले. ते त्यांच्या पैशांचे होते. आणि दुसरे एक, खोपटांसकट, मी स्वतःसाठी घेऊन तारीख-वार घालून ठेवले. सहा महिन्यांनी तेथे गेलो तेव्हा खोपटांच्या जागी हिरवळ आणि कारंजे होते. ती इमारत कोणी बांधली याचा आता त्या आवारात काहीही पुरावा नाही. माझ्याकडे एक आहे. असा दुहेरी हिशेब मी तेव्हापासून प्रत्येक शहरात ठेवतो. एक चित्र कामाचे, एक तारखेचे.

माणसे नसलेल्या चित्रांवरून एक गंमत आठवली. अहमदाबादच्या वास्तूंचे पहिले मोठे छायाचित्रपुस्तक १८६६ साली लंडनला प्रसिद्ध झाले. छायाचित्रे कर्नल बिग्ज यांची, मजकूर होप आणि फर्ग्युसन या दोघांचा. त्या काळच्या छायाचित्रांत रस्ते ओस दिसतात. याचा अर्थ शहर ओस होते असा नव्हे. काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत, तेवढ्यात चालती माणसे पुसली जात. बसलेला भिकारी राही, चालता सावकार नाहीसा होई. त्यांच्या यंत्राला माणूस टिपता येत नव्हता. आमच्या यंत्राला येतो, तर आम्ही त्याला हटवितो. याउलट तुमच्या शहराचे प्राणलाल पटेल पाहा. १९१० साली जन्मलेले हे छायाचित्रकार १०४ वर्षांचे होऊन २०१४ साली वारले. बाजार, नदी, काम करणाऱ्या बायका यांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे आज जुन्या अहमदाबादविषयी जे सांगतात, ते एकाही वास्तूच्या कोऱ्या चित्रातून कळत नाही. ते येथेच राहिले, हे त्याचे मोठे कारण. आमच्यापाशी साधने आहेत, वर्षे नाहीत. वर्षे तुमच्यापाशी आहेत.

म्हणून मी आपल्या मंडळाकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. पन्नास वर्षांत या मंडळाने किती गणेशोत्सव केले, किती नाटके बसविली, त्याची जंत्री या स्मरणिकेत येईलच. प्रत्येक मिरवणुकीत कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात कॅमेरा होताच. त्या छायाचित्रांत पुढे ढोल-ताशा आणि गुलालाने माखलेले कार्यकर्ते आहेत, आणि त्यांच्या मागे, कोणीही मुद्दाम न घेतलेला, दरवर्षीचा तोच रस्ता आहे. एका वर्षी मागे बैठा बंगला आहे. पुढे त्याच जागी तीन मजली इमारत, मग काचेचे दुकान. एके काळी मूर्ती नदीच्या पात्रात जात असे, आता ती विसर्जनाच्या कुंडात जाते. तोही बदल त्यांत असणार. एकाच जागी, एकाच महिन्यात, वर्षानुवर्षे कॅमेरा उभा राहावा असे मी मघाशी म्हणालो ना? ते काम आपल्या बाप्पाने तुमच्याकडून नकळत करवून घेतले आहे.

घरोघरचे अल्बमही असेच आहेत. नव्या घराच्या वास्तुशांतीचा फोटो, मुंजीच्या बटूमागे दिसणारा चाळीचा कठडा, स्टेशनवर माहेरवाशिणीला पोचवायला गेलेली मंडळी. लग्नातल्या माणसांची नावे घरच्यांना पाठ असतात, म्हणून कोणी लिहून ठेवीत नाही. मागच्या इमारतीचे नाव तर कोणी विचारीतच नाही. आणखी वीस वर्षांनी दोन्ही सांगणारे कोणी नसेल. त्यातून १९७०-८०च्या सुमारास छापलेली रंगीत छायाचित्रे आता तांबूस पडू लागली आहेत. त्यांच्यापेक्षा आजोबांच्या वेळची कृष्णधवल अधिक टिकतात. चिकट पानांच्या अल्बममध्ये लावलेली तर सर्वांत आधी बाहेर काढली पाहिजेत, पण ओढून नव्हे. बारीक दोरा मागून फिरवावा म्हणजे ती सुटतात. पाठीमागे लिहायचे ते मऊ पेन्सिलीने, कडेला आणि हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. प्रथम साल, मग जागा, मग माणसांची नावे. साल आठवत नसेल तर ‘सुमन दहावीत होती तेव्हा’ असे लिहिले तरी चालेल. तिला दहावी कधी झाली ते ठाऊक असते.

ज्यांना पुढच्यासाठी काही करायचे आहे त्यांनी फार मोठे वेड घेऊ नये. आपल्या दारातून दिसणारा रस्ता, मुलांची शाळा, रोजच्या भाजीबाजाराचा कोपरा, यांतली एकच जागा पुरे. फाटकापासून किती पावलांवर उभे राहिलो ते वहीत लिहावे, फोनची लेन्स जवळ-दूर न करता तशीच ठेवावी, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी पुन्हा तेथे उभे राहावे. भिंतीचा एखादा न बदलणारा कोपरा चौकटीत असला म्हणजे जुळविता येते. तारा येऊ द्याव्यात. पाण्याची टाकी येऊ द्यावी. कोणी मध्ये आले तर त्याला थांबा म्हणू नये. आणि ते चित्र फोनमध्येच ठेवू नये; फोन दर तीन वर्षांनी बदलतो, कागद तसा बदलत नाही.

कार्यवाहांनी माझ्या विनंतीवरून आज जुने अल्बम बरोबर आणण्याची सूचना सर्वांना दिली होती, आणि बऱ्याच जणांच्या मांडीवर पिशव्या दिसत आहेत. चहानंतर मागच्या टेबलावर प्रती घेण्याचे यंत्र लावले आहे. मूळ छायाचित्र ज्याचे त्याला लगेच परत मिळेल, प्रत मंडळाच्या कपाटात राहील. माझी परतीची गाडी रात्रीची आहे, तोवर मी येथेच आहे. पेन्सिली मी आणल्या आहेत. नावे आणि साल मात्र तुम्हाला सांगावी लागतील. ज्येष्ठ मंडळींनी कृपा करून आधी यावे.